कारल्याला आधी ऊब

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव नुकताच झालाय. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्याकडे जातात. नोव्हेंबरातही सूर्य याच जागी असतो, पण तेव्हा दिवस आखडत असतात. आता ते वाढतायत. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी उन्हाळी भाजीचं बी याच सुमाराला डब्यातून बाहेर निघतं.

पण लगेच मातीत जात नाही. दुपारचं ऊन चटका देतं, पहाटेची माती मात्र गारच. आई म्हणते, "हात घाल की मातीत. गार हाय न्हवं? मग थांब." गार, ओल्या मातीत कारल्या-दोडक्याचं बी उगवण्याआधीच कुजतं.

हे कारल्याचं बी. जाड कवच, कडा दातेरी. नेलकटरनं टोक जरासं उडवायचं, आतल्या गराला धक्का न लावता. रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग मिसळीच्या मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधून फ्रीजच्या मागे, जिथं ऊब असते. काही दिवसांत कवच उकलतं आणि पांढरा कोंब डोकावतो. तो रोज बघायला मी लहान मुलासारखा धावतो.

कोंब आलेलं बी चहाच्या कागदी कपात. तळाला भोक हवंच. कप खिडकीत ठेवून रोज फिरवायचा, नाहीतर रोप उजेडाकडे कलतं. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपंही इथंच, महिना-सव्वा महिना. पहिल्या वर्षी मी मायेनं दोन्ही वेळ पाणी घातलं आणि टोमॅटोची सगळी रोपं बुडाशी कुजून कोलमडली. आता माती वरून सुकल्याशिवाय तांब्या उचलत नाही.

मेथी, पालक, कोथिंबिरीला गारव्याचं वावडं नाही. ती थेट परसात. धने तेवढे रगडून दोन फाका करायचे. भेंडी-गवारीचं सोटमूळ सरळ खाली जातं, हलवलेलं त्यांना सोसत नाही. म्हणून माती तापली की जागेवरच टोकायची. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. आपल्याकडं त्याला काय तोटा!

कारल्याला तीन-चार पानं आली की रोपं आठवडाभर थोडा थोडा वेळ बाहेर उन्हात ठेवायची. मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कप कात्रीनं उभा चिरायचा. मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात.

"हळू," आई मागून म्हणते, "मुळाला हिसका बसू देऊ नको."


तिनं सुतळी आधीच बांधून ठेवलीय.