पुदिना आणि चॉकलेट: पानं कुठे, तेल कुठे?

नमस्कार! पुदिना-चॉकलेट म्हटलं की बरेच जण नाक मुरडतात, ‘टूथपेस्ट खाल्ल्यासारखं वाटतं’ म्हणतात. जोडी वाईट नाही. बहुतेक वेळा पेपरमिंट जास्त पडलेलं असतं आणि चॉकलेट फार गोड असतं. म्हणून कोको ५५ ते ६५ टक्के असलेलं डार्क चॉकलेट घ्या.

स्वयंपाकातला नेहमीचा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो. त्याचा वास कार्व्होन या सुगंधी घटकाचा, गोडसर आणि सौम्य. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर. मेंथॉलमुळे तोंड खरंच थंड होत नाही, ते फक्त गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. म्हणून थोडंसंही पुरतं.

आता मुख्य गोष्ट. पाककृतीत क्रीम किंवा दूध असेल तर ताजी पानं. नुसतं वितळवलेलं चॉकलेट असेल तर फक्त खाण्यायोग्य पेपरमिंट तेल.

आधी पानांचे ट्रफल, म्हणजे चॉकलेट-क्रीमचे मऊ गोळे. २०० ग्रॅम चॉकलेट, १४० ग्रॅम क्रीम, १५ ग्रॅम पानं. पानं धुऊन कोरडी करा, चिरू नका, हातानं हलकी चुरगाळा. क्रीम कडेनं बुडबुडे येईपर्यंत तापवा, गॅस बंद करा, पानं घाला आणि लगेच झाकण ठेवा, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जाईल. २० मिनिटं बास. तासभर ठेवलंत तर गवताची चव उतरते. गाळताना पानं दाबून पिळू नका, कडवटपणा तिथूनच येतो. वेळ असेल तर थंड क्रीममध्ये पानं घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चव जास्त स्वच्छ येते, मला तरी हीच पद्धत आवडते.

गाळलेलं क्रीम पुन्हा वजन करा. हे टाळू नका, कारण पानं बरंच क्रीम धरून ठेवतात. आपल्याला १०० ग्रॅम हवं. कमी भरलं तर साधं क्रीम घाला, जास्त झालं तर वरचं काढून ठेवा. हे १०० ग्रॅम क्रीम गरम करून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, २ मिनिटं हात लावू नका, मग मधोमध छोटी वर्तुळं काढत ढवळा. वर तूप सुटल्यासारखं दिसलं तर गनाश, म्हणजे हे चॉकलेट-क्रीमचं मिश्रण, फाटलंय. कोमट दूध एकेक चमचा घालून घोटा, सहसा ते पुन्हा एकजीव होतं. मग घट्ट होईपर्यंत गार करा, गोळे वळा आणि कोको पावडरीत घोळवा.

आता तेल. २०० ग्रॅम वितळलेल्या चॉकलेटला आधी १ थेंब. ढवळा, चाखा आणि अर्धा मिनिट थांबा. मेंथॉल चरबीत विरघळतं, त्यामुळे कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, तोंडात वितळेल तसा गारवा हळूहळू वाढतो. घाईत दुसरा थेंब पडतो तो इथेच. बाटलीतून थेट ओतू नका, टूथपिकच्या टोकानं घाला.

चकचकीत, कटकन तुटणारी वडी हवी असेल तर चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ पर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणा आणि तेल तेव्हा घाला.

पाण्याचा किंवा अल्कोहोलचा इसेन्स इथे चालत नाही. थोडंसं पाणीही कोको आणि साखरेचे कण ओले करतं, ते एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट जाड, दाणेदार होऊन बसतं. मग त्याची वडी होणार नाही. गरम क्रीम थोडं थोडं घालून सॉस मात्र उत्तम होतो, इसेन्स त्यात खपून जातो.

आइस्क्रीममध्ये पुदिना थोडा वाढवा, गोठलेल्या पदार्थात वास आणि गोडी दोन्ही दबतात.

शेवटी साठवण. पेपरमिंटचा वास शेजारच्या मिठाईला लागतो, व्हॅनिलाच्या वड्याही पुदिन्याच्या होतात. हवाबंद डबा आणि तोही वेगळा ठेवा. ट्रफल फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा.