बट्टी कोण करणार?

आवाज मागपर्यंत पोचतोय ना? मागच्या भिंतीशी दोन छोटे पाहुणे पळतायत, त्यांना पळू द्या. माझं काही अडत नाही, उलट विषय डोळ्यांसमोर राहील.

घरात लहान मुलगे असताना कशाचा हट्ट सोडावा आणि काय घट्ट धरून ठेवावं, हे सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणार आहे. पण आधी एका बुटाबद्दल बोलू द्या. डाव्या बुटाबद्दल.

मला दोन मुलगे. ही गोष्ट घडली तेव्हा थोरला आठ वर्षांचा होता, धाकट्याला पाच पूर्ण व्हायची होती. सकाळची वेळ. शाळेची गाडी यायला सात मिनिटं. थोरला दप्तर पाठीला लावून दारात उभा, कारण त्याला खिडकीची जागा हवी. धाकटा फरशीवर बसलेला, उजवा बूट पायात, डाव्याची खटपट चाललेली. चिकटपट्टीचे बूट होते. लेस बांधणं बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात कधीतरी जमायला लागतं, तेव्हा चार वर्षांच्या मुलाला लेसचे बूट देऊन वर त्याला घाई करणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या बोटांवर दया करा. असो.

तर तो पट्टी लावायचा, बघायचा, खर्रकन उचकटायचा आणि परत लावायचा. मी म्हटलं, लागली की रे पट्टी. तो म्हणाला, "नाही लागली, तिरकी आहे." बुटावर एक निळी रेघ होती. पट्टीची कड त्या रेघेला बरोबर टेकायला हवी, असं त्यानं ठरवलं होतं. कुणी शिकवलं हे त्याला? रोज सकाळी चादरीची कड पलंगाच्या कडेला समांतर येईपर्यंत मी ओढत बसायचे आणि तो उशी धरून बाजूला उभा असायचा. मुलं आपलं बोलणं ऐकतात की नाही कोण जाणे, पण आपले हात काय करतात हे अगदी बारकाईनं बघतात.

पाच मिनिटं उरली. मी खाली वाकले, बूट हातात घेतला, दोन सेकंदांत पट्टी दाबून बसवली. त्यानं बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही बूट काढले. मोजेही काढले. आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मी ओरडले. काय ओरडले ते शब्दन्‌शब्द आठवतंय. "तुझ्यामुळे रोज सगळ्यांना उशीर होतो!" रोज आणि सगळ्यांना. हे दोन्ही शब्द खोटे होते.

तो रडला असता तर मला सोपं गेलं असतं. रडला नाही. त्याचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झाला आणि त्यानं दोन्ही पाय माझ्यापुढे केले. मी मोजे चढवले, बूट चढवले. गाडी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. घड्याळाच्या हिशेबानं ती आमची उत्तम सकाळ होती.

दुसऱ्या दिवशी तो येऊन फरशीवर बसला आणि त्यानं बुटांना हातच लावला नाही. पाय पुढे केले आणि भिंतीकडे बघत बसला. आदल्या दिवशीच्या ओरडण्यापेक्षा मला हे लागलं. जे पोर काल त्या निळ्या रेघेसाठी झगडत होतं, त्यानं आज तो प्रयत्नच सोडून दिला होता.

मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले. म्हटलं, "काल मी ओरडले. तुझ्यामुळे रोज सगळ्यांना उशीर होतो म्हणाले, ते खरं नव्हतं." तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांना नाहीच होत. बाबा तर झोपलेले असतात." (हशा) हसा, मलाही तेव्हा हसू आलं, पण त्यानं माझं वाक्य रात्रभर उलटंपालटं करून त्यातली चूक शोधून ठेवली होती, हे लक्षात घ्या. मग त्यानं दोन बोटं पुढे केली आणि विचारलं, "बट्टी?"

आता माझा आवडता मुद्दा. कट्टी आणि बट्टी, ही जोडी आपल्याला लहानपणीच मिळालेली असते. कट्टी झाली की बट्टी करावी लागते, तीही बोटं पुढे करून, उघडपणे, समोरच्यानं आपली बोटं लावेपर्यंत थांबून. मोठे झालो की आपण कट्टी तेवढी चालू ठेवतो. ओरडतो, अबोला धरतो, मग तासाभरानं "चला, हात धुवा" म्हणत काही झालंच नाही असं वागतो. आपलं कामही भागतं. पण मुलाच्या बाजूनं तो हिशेब उघडाच राहतो.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिन्यांच्या बाळासमोर आई बसते, खेळते, बोलते. मग सांगितल्याप्रमाणे चेहरा कोरा करते. हसू नाही, बोलणं नाही, फक्त बघायचं. बाळ आधी हसून बघतं, मग आवाज काढतं, अंग पुढे झोकतं आणि शेवटी मान वळवून घेतं. हे पाहताना जीव कासावीस होतो. लोक इथपर्यंतचंच सांगतात आणि आयांना घाबरवून सोडतात. पण प्रयोगाचा पुढचा भाग असा की आई परत आपल्या मूळ चेहऱ्यावर येते आणि दोघं मिळून झालेलं बिनसलेपण निस्तरतात. पुढच्या कामात ट्रॉनिक यांना दिसलं की चांगलं चाललेल्या आई-बाळांच्या जोड्यासुद्धा साधारण ३० टक्केच वेळ सुरात असतात. उरलेला वेळ चुकणं आणि परत जुळवणं यात जातो. ३० टक्के! शाळेत इतक्या गुणांवर आपण पोराला उभं करतो.

ती जुळवाजुळव म्हणजे नात्यातला बिघाड, असं आपण धरून चालतो. खरं तर मूल त्यातूनच शिकतं की बिनसलेलं परत जुळतं आणि ते जुळवण्यात आपलाही हात असतो. माझ्या धाकट्यानं दोन बोटं पुढे केली, तो हाच हात.

इथे डोनाल्ड विनिकॉट यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक, १८९६ ते १९७१. १९४०च्या दशकात ते बीबीसीच्या रेडिओवरून साध्या आयांशी बोलायचे, त्यांना पाठ न शिकवता. त्यांची कल्पना "भागेल इतकी चांगली" आई अशी आहे. अगदी तान्ह्या बाळाशी आई जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि बाळ जसजसं मोठं होतं तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. आणि हे कमी पडणं बाळाच्या गरजेचंच असतं. प्रत्येक हाकेला क्षणात ओ मिळणाऱ्या मुलाला जग म्हणून काही वेगळं आहे, हे कळणार कसं? भागेल इतकी चांगली! मी हे शब्द कागदावर लिहून आरशाच्या कोपऱ्यात खोचले होते. वर्षभर होते तिथे.

समोरच्या ताई हात वर करतायत. बोला. ... त्या विचारतायत, आपण बट्टी करायला गेलो आणि मुलानं केलीच नाही तर? फार चांगला प्रश्न. याचं उत्तर देते, मला आठवण करा.

तोवर माझी एक तक्रार. मुलग्यांच्या आईला दोन वाक्यं सारखी ऐकावी लागतात. एक, "मुलगा आहे, चालायचंच." दुसरं, "मुलीसारखा रडतोस काय?" पहिल्यानं त्याला ढकलायची मुभा मिळते आणि दुसऱ्यानं त्याच्याकडून रडायची मुभा काढून घेतली जाते. मग पाच वर्षांच्या पोरानं करायचं काय? दुःख झालं तर रडायचं नाही, मग उरतं ढकलणंच. धाकटा गुडघा फोडून घेऊन आला आणि ओठ दाबून उभा राहिला, तेव्हा घरातल्याच कुणीतरी प्रेमानं म्हटलं, "शाब्बास, वाघ आहे आमचा." त्या क्षणी मी काहीच बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. रात्री अंथरुणात तो म्हणाला, "वाघाला लागत नाही का?" मी म्हटलं, लागतं. म्हणाला, "मग?" आणि तेव्हा रडला.

पण मस्ती वेगळी आणि मारामारी वेगळी. मुलगे एकमेकांच्या अंगावर लोळतात, आणि आपण लगेच शिट्टी फुंकतो. आधी चेहरे बघा. हसताहेत का? वरचा थोड्या वेळानं खाली जातोय का? थोरला मुद्दाम जोर कमी लावतोय का? खेळ संपल्यावर दोघं एकत्रच आहेत का? असेल तर तो खेळ आहे आणि त्यात ते जोर आवरायला शिकतायत. दात आवळलेले, एकटाच सारखा खाली, सुटला की लांब पळतोय, तर उठा आणि मध्ये पडा. आमच्या घरी "बस" हा शब्द ठरलेला आहे. कुणीही "बस" म्हटलं की दोघांचे हात सुटले पाहिजेत. गादीची खोळ फाटली तर फाटली. "बस" ऐकूनही हात सुटला नाही, तर खेळ त्या दिवसापुरता बंद.

गादीवरून आठवलं, आणि हे बोलायला लोक लाजतात म्हणून मुद्दाम बोलते. अंथरूण ओलं करणं. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांचं रात्री होतं आणि मुलग्यांत हे मुलींच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. दर वर्षी त्यातल्या सुमारे १५ टक्के मुलांचं आपोआप थांबतं. आईबापांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते, तेव्हा आजीला विचारा, खरं कळेल. झोपेतल्या मुलाला ते कळतही नाही. त्यात ना हट्ट आहे ना आळस. कित्येक महिने कोरडं राहणारं मूल अचानक परत करायला लागलं, दिवसाही होत असलं किंवा जळजळ होत असली तर डॉक्टरकडे न्या. नाहीतर मेणकापडावर चादर, त्यावर परत मेणकापड आणि चादर, असं घाला. मध्यरात्री वरची जोडी ओढली की खालची तयार. दिवा लावू नका, उपदेश करू नका. मी तीन वर्षं अंधारात चादरी बदलल्यात. एका रात्री थोरला उठून आला, उशी बाजूला धरून उभा राहिला आणि धाकट्याला म्हणाला, "माझंपण व्हायचं." मी त्याला तसं सांगायला कधी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. मग कबूल केलेलं भराभर सांगते.

सोडा काय? पसारा. संध्याकाळी एकदा, सगळ्यांनी मिळून, दहा मिनिटं आवरायचं आणि उरेल ते उरू द्यायचं. उलटा घातलेला शर्ट सोडा, शाळेत जाईल तसाच. त्यानं घातलेली घडी परत घालू नका, निदान त्याच्यासमोर तरी नको, कारण त्याला त्यातून एवढंच कळतं की माझं केलेलं धरत नाहीत. पाहुण्यांसमोर लाज वाटेल म्हणून मुलाला रागावणं सोडा. पाहुणे तासाभरात जातात.

धरा काय? झोप. सहा ते बारा या वयात दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते आणि निम्मा हट्टीपणा हा न झालेल्या झोपेचा असतो, असा माझा अनुभव आहे. दुसरं, कुणाला दुखवायचं नाही, शब्दानंही नाही. आणि तिसरं, बट्टी. जो मोठा, त्यानं आधी करायची. "चुकलं" म्हणायचं, काय चुकलं ते सांगायचं आणि तिथे थांबायचं. "चुकलं, पण तूही..." असं म्हटलंत की ती परत कट्टीच.

हे पुढे कशासाठी, तर थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन तरुणांची माहिती एकत्र तपासली. लोकांना आपण बिनचूकच हवे आहोत, असं वाटण्याचं प्रमाण त्यात सगळ्यात जास्त वाढलेलं दिसलं. ही मुलं कधीतरी पाच वर्षांची होती. यावर खरं तर मला अर्धा तास बोलायचं होतं.

हो, ताईंचा प्रश्न. विसरले नाही.

एकदा धाकट्याचं चित्र फाटलेलं मिळालं आणि मी थोरल्याला धरलं. त्यानं फाडलं नव्हतं. ते पंख्याच्या वाऱ्यानं उडून दारात अडकलं होतं. कळल्यावर मी त्याच्याकडे गेले, म्हटलं, तुला न विचारता मी ठरवून टाकलं, माझं चुकलं. तो "ठीक आहे" म्हणाला, पुस्तकातून मान वर न करता. मी बोटं पुढे केली, त्यानं पाहिली नाहीत. दोन दिवस तसेच गेले. मी परत विचारलं नाही. विचारलं असतं तर तो माझ्या समाधानासाठी हो म्हणाला असता.

तिसऱ्या दिवशी रात्री मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. तो आला, काही बोलला नाही, माझ्याकडे पाठ करून बसला आणि शर्ट वर केला. अगदी लहान असताना पाठ खाजवून घ्यायचा, तसा. घडी बाजूला ठेवून मी पाठ खाजवायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाला, "जरा वर. अजून वर. हां, तिथे."