भाजलंय, मग चांदीची पट्टी लावायची का?

नमस्कार श्रोतेहो. गणपतीची चवथ जवळ आली की घराघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायची गडबड सुरू होते, आणि आम्हा ड्रेसिंगवाल्या सिस्टरांना माहीत असतं की आता तेलाने भाजलेली पोरं येणार. मागे अशीच एक सहा वर्षांची बाय आली, हातावर कोपरापर्यंत तेल सांडलेलं आणि वरून घरच्यांनी टूथपेस्ट थापलेली, ती धुऊन काढताना तिच्या रडण्याने माझाच जीव कासावीस झाला. म्हणून आधी हेच सांगते, भाजलं की नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, बर्फ नको, हळद नको, पेस्ट तर नकोच. उशीर झाला असेल तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो.

तर त्या बायची आई म्हणाली, "सिस्टर, महाग असली तरी चांदीचीच पट्टी लावा."

चांदीची पट्टी म्हणजे चांदी घातलेलं ड्रेसिंग. चांदी जंतू मारते हे खरं, तिचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, जंतूंच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचं काम बंद पाडतात. 1968 पासून सिल्व्हर सल्फाडायझिनचं, म्हणजे चांदी आणि सल्फा औषधाचं, ते पांढरं क्रीम आहे, मीही वर्षानुवर्षं लावलंय, पण ते दिवसातून एकदा-दोनदा पुसून परत लावायचं म्हणजे पेशंटला रोज तीच मरणाची कळ, शिवाय जखमेवर पिवळट पांढरा थर बसतो आणि खाली किती खोल भाजलंय ते डॉक्टरांनाही नीट दिसत नाही, आणि वरवरचं भाजलेलं त्याने उलट हळू भरतं. सल्फाची ॲलर्जी असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ते लावायचंच नाही.

आताच्या चांदीच्या पट्ट्या प्रकाराप्रमाणे तीन ते सात दिवस तशाच राहतात, आणि माझ्या मते तोच त्यांचा मोठा फायदा, जखम रोज उघडायला लागत नाही. जखमेतून पाणी खूप येत असेल तर चांदीचा फोम किंवा पाणी शोषणारी फायबरची पट्टी बरी. नॅनोक्रिस्टलाइनवाली, म्हणजे चांदीच्या अगदी सूक्ष्म कणांचा थर असलेली पट्टी, मात्र ओलसर ठेवावी लागते, आणि तीही स्टेराइल पाण्याने, सलाईनने नाही, कारण सलाईनमधलं क्लोराइड चांदीला बांधून टाकतं. सवयीने हात सलाईनच्या बाटलीकडेच जातो हो, म्हणून मुद्दाम सांगते.

पण जखम स्वच्छ आणि वरवरची असेल तर चांदीची गरजच नाही, पॅराफिन गॉज, म्हणजे पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी, किंवा सिलिकॉनची पट्टी पुरते. चांदी नव्या कातडीच्या पेशींनाही त्रास देते, म्हणून जंतूंची भीती गेली की ती थांबवायची. आणि जिथे कातडी पांढरी, चामड्यासारखी झालीय आणि दुखतच नाही तिथे घरी पट्टी शोधत बसू नका, ते खोल भाजलेलं असतं. चेहरा, हात-पाय, सांधे, गुप्तांग, किंवा मोठा भाग भाजला असेल तरीही 108 लावा आणि सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा.

त्या बायची जखम वरवरची होती पण पेस्टने घाण झालेली, म्हणून डॉक्टरांनी चांदीची पट्टी सांगितली. पाचव्या दिवशी ती उघडली तर खाली सगळं करडं-काळपट, आई घाबरून म्हणाली, "सिस्टर, सडलं की काय?" मी ओल्या गॉजने हळूच पुसलं, चांदीचा डाग निघून आला आणि खाली गुलाबी नवी कातडी.