कोऱ्या ओळीखालचं पत्र

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर उघडलेली ईमेल)

डब्लिनहून साताऱ्याला आलेली ही ईमेल. विषयाच्या जागी एकच शब्द आहे, ‘आई’. पाठवणारीची मेलसेवा वेगळी, आईची वेगळी. तरी पत्र पोचलं, काना-मात्रेसकट.

आता ‘मूळ संदेश दाखवा’ हा पर्याय दाबू. इथे सहसा कुणी येत नाही.

(दृश्य: मजकुराची लांबलचक पट्टी वर सरकते)

फ्रॉम, टू, डेट, सब्जेक्ट. प्रत्येक नावापुढे कोलन आणि त्यापुढे माहिती. या ओळींना हेडर म्हणतात. अशा बऱ्याच ओळी झाल्या की एक ओळ कोरी येते, आणि तिच्याखाली पत्र सुरू होतं. ही कोरी ओळ दिसली, की कुठल्याही देशातल्या, कुठल्याही बनावटीच्या मेल प्रोग्रॅमला कळतं, हेडर संपले. या ओळीवर कुणाचीही मालकी नाही, तिच्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

(दृश्य: टंकलिखित पान, कॅमेरा नावांवर थांबतो)

सप्टेंबर १९७३, अमेरिकेतलं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप. या कागदाचं नाव आरएफसी ५६१. नेटवर्कचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित कागदांना आरएफसी म्हणतात. लेखक चार: अभय भूषण, केन पोग्रन, रे टॉमलिन्सन आणि जिम व्हाइट. पत्त्यात ॲटचं चिन्ह आणणारे टॉमलिन्सन ते हेच. आणि पहिलं नाव पाहिलंत? भूषण अलाहाबादचे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून एमआयटीत गेलेले. फायली पाठवण्याच्या एफटीपीची पहिली नियमावलीही त्यांचीच.

तोवर पत्राचा मथळा, म्हणजे हेच हेडर, जो तो आपल्या पद्धतीने लिही. माणसाला तो कळायचा, प्रोग्रॅम मात्र अडखळायचा. या कागदाने मागितलं फार थोडं: पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि विषय ठरलेल्या रीतीने लिहा. नमुन्याचं पत्र पाहा. त्यात ‘ॲट’ अजून अक्षरांत लिहिलेलं आहे.

(दृश्य: दुसरं पान, तारखेवर बोट)

ऑगस्ट १९८२. डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी ८२२. त्याचा जोडीदार, जॉन पोस्टेल यांचा ८२१. पत्र कसं लिहायचं ते ८२२ सांगतो, एका यंत्राने दुसऱ्याच्या हाती ते कसं द्यायचं ते ८२१.

१९८४ मध्ये दूरसंचार खात्यांच्या जागतिक संघटनेने स्वतःची वेगळी पद्धत आणली, एक्स.४००. तिच्यात पत्त्याचे तुकडे असत: देश, सेवा, संस्था, आडनाव, नाव. या दोन जगांमध्ये दुभाषी ठेवावे लागले. कुठल्या हेडरचं तिकडे काय करायचं, याची जुळणी लंडनच्या स्टीव्ह किल यांनी १९८६ मध्ये लिहून काढली.

पण ८२२ मधल्या पत्राला १२८ चिन्हंच ठाऊक होती. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरून तेवढीच. त्यात आपला ‘अ’ नव्हता.

(दृश्य: पडद्यावर पुन्हा मूळ संदेश, काही ओळी ठळक)

११ मार्च १९९२. नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन यांनी एक ईमेल पाठवली. सोबत जोडला होता त्यांच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि त्यांचं गाणं. ईमेलमधून चित्र, आवाज आणि इतर लिप्या पाठवण्याची बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांची ही योजना, माइम. मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण जुना नियम त्यांनी मोडला नाही. कोऱ्या ओळीच्या वर आणखी दोन-तीन हेडर लिहिले, आणि जुन्याच गाडीतून नवा माल जाऊ लागला.

तो कसा जातो, ते ‘आई’ या शब्दातच पाहू.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने आकडेमोड)

यूटीएफ-८ ही जगातल्या लिप्या संगणकाच्या आकड्यांत लिहिण्याची पद्धत. तिच्यात ‘आ’ तीन बाइटांचा, म्हणजे २४ बिटांचा, शून्य-एकच्या २४ खुणांचा. त्याचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे. प्रत्येक गटाला १२८ मधलंच एक साधं चिन्ह द्यायचं. ‘आ’ होतो 4KSG, चार-के-एस-जी. ‘ई’ होते चार-के-एस-आय. ‘क’ घेतला तर चार-के-एस-व्ही. प्रत्येक देवनागरी अक्षर, काना, वेलांटी या ‘चार-के’नेच सुरू होते. शब्दांमध्ये मोकळी जागा आली, की ती एकाच बाइटची असल्याने ही लय बिघडते, पुढचे गट सरकतात. याचं नाव बेस-६४. तीन बाइटांचे चार होतात, म्हणून पत्र तिसऱ्या हिश्श्याने फुगतं.

आणि विषयाच्या ओळीत पाहा. आधी बरोबरचं चिन्ह, मग प्रश्नचिन्ह, लिपीच्या सांकेतिक पद्धतीचं नाव, म्हणजे यूटीएफ-८, बेस-६४ची खूण ‘बी’, मग ती आठ चिन्हं. आठ चिन्हांत आई.

पत्ताही देवनागरीत लिहिता यावा, असे नियम २०१२ पासून आहेत, पत्त्याच्या शेवटी येणारं देवनागरी ‘डॉट भारत’ २०१४ पासून. तरी कित्येक वेबसाइटचे फॉर्म असा पत्ता अजूनही परत करतात.

(दृश्य: साताऱ्याचं घर. मोबाइलचा पडदा उजळतो. निवेदन नाही.)