चार तुकडे, पाच शिवणी : पहिला स्वेटर विणताना

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी बोलताना कळलं की इथल्या बहुतेकांना सुलट टाका येतो, काहींना उलटही येतो, आणि पुष्कळांच्या घरी एक अर्धवट मफलर पडून आहे. शिकणाऱ्याने मफलरपासून सुरुवात करावी असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. मफलर लांबच लांब असतो, त्यात काही मोजावं लागत नाही, आणि तो पुरा झाला तरी कपडा कसा बनतो ते कळत नाही. पहिली वस्तू म्हणून मी बाळाचा स्वेटर सुचवते. एक वर्षाच्या बाळाचा, पूर्ण सुलट टाक्यांचा, चार सपाट तुकड्यांचा.

एक वर्षाचाच का? बाळंतविड्यात आपण हौसेने नवजात बाळाच्या मापाचं देतो आणि ते दोन महिन्यांत आखूड होतं. आपल्याकडे थंडी मोजके महिने. एप्रिलमध्ये जन्मलेलं बाळ डिसेंबरात आठ महिन्यांचं असतं. त्याला खरी गरज तेव्हा लागणार. शिवाय जे बाळ अजून जन्मलेलं नाही, त्याच्या अंगाला टेप लावता येत नाही. १९६२च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेही कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. माणूस समोर नसला की आकड्यांवरच विणावं लागतं, आणि आकड्यांवर विणण्याची सवय पहिल्याच कपड्याला लागली तर ती जन्मभर पुरते.

तेव्हा आधी आकडे. एक वर्षाच्या बाळाची छाती साधारण ४६ सेंटीमीटर भरते. डोक्याचा घेरही जवळपास तेवढाच असतो. हे लक्षात ठेवा, गळ्याशी आपल्याला ते लागणार आहे. आत झबलं असणार, बाळ हातपाय हलवणार, म्हणून छातीत ८ सेंटीमीटर सैलपणा धरू. झाले ५४. पाठ २७, पुढचा भाग २७. उंची २९ सेंटीमीटर.

आता लोकर. दुकानात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं. बाळाच्या कपड्याला ते चालतं, धुवायला सोपं असतं. डबल निटिंग जाडीची (फार बारीकही नाही, फार जाडही नाही), गुळगुळीत, फिक्या रंगाची घ्या. गडद निळ्यात किंवा काळ्यात नवशिक्या डोळ्यांना टाका दिसत नाही, आणि केसाळ लोकर उसवता येत नाही. २०० ग्रॅम पुरून उरेल. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच खेपेला रंगवलेले आहेत ना, ते लेबलवर बघून घ्या. वेगळ्या लॉटचा गुंडा दुकानात सारखा वाटतो आणि दिवसाच्या उजेडात पाठीवर पट्टा उठून दिसतो.

सुया ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडे त्यांना ८ नंबर म्हणतात. आपल्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत नेमकं उलटं. तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. तिकडून बहिणीने किंवा लेकीने सुया नाहीतर नमुना पाठवला, तर नंबर विसरा आणि मिलिमीटर बघा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबते. स्वेटर सुरू करण्याआधी ३० टाक्यांचा एक चौकोन विणायचा. पंधरा सेंटीमीटर उंच झाला की टाके बंद करायचे, तो धुवायचा, वाळवायचा, आणि कडा सोडून मधल्या १० सेंटीमीटरमध्ये टाके मोजायचे. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. आपला हिशेब २० टाक्यांचा आहे. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, आणि तुमच्या हाताला २२ टाके आले असं धरा. मग २७ सेंटीमीटरसाठी घातलेल्या ५४ टाक्यांचे साडेचोवीसच भरतील. दोन्ही बाजू मिळून स्वेटर ४९ सेंटीमीटरचा होईल आणि झबल्यावरून चढताना बाळ रडेल. दोनच टाक्यांचा फरक, पण आठ सेंटीमीटरचा सैलपणा तीनवर येतो. २२ आले तर सुई जाड घ्या, १८ आले तर बारीक. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायचा प्रयत्न करू नका, चार ओळींनंतर हात मूळ सवयीवर येतो.

प्रत्येक ओळ सुलट विणली की कापडावर आडव्या उठावदार रेघा दिसतात. दोन ओळींची एक रेघ. या विणीचा एक गुण मला फार आवडतो. तिच्यात टाक्याची रुंदी आणि रेघेची उंची जवळपास सारखी असते. १० सेंटीमीटरमध्ये आडवे २० टाके, तर उभ्या २० रेघा. कडाही गुंडाळत नाहीत. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीच्या कडा गोल होतात, आणि जोडताना नवशिक्याची दमछाक होते.

पाठीसाठी ५४ टाके घाला. सुरुवातीला धाग्याचं शेपूट हातभर मोकळं सोडा, तेच पुढे शिवायला येईल. २९ सेंटीमीटर म्हणजे ५८ रेघा. ओळ संपली की टाके मोजा, निदान पहिल्या वीस ओळी तरी. ५४चे ५५, ५६ व्हायला लागले तर चूक बहुधा कडेला असते. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला जातो, पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो, आणि आपण दोन्ही विणतो. धागा सुईच्या खालून मागे गेला पाहिजे. नवा गुंडा नेहमी कडेलाच जोडा, मधे गाठ नको. कडेची शेपटं शिवणीत लपतात.

पुढचा भाग पाठीसारखाच. गळ्याचा आकार कापायचा नाही. वरचे ५४ टाके असे वाटायचे : १३ खांद्याचे, २८ गळ्याचे, १३ दुसऱ्या खांद्याचे. गळा १४ सेंटीमीटर सपाट, म्हणजे २८चा घेर, आणि डोकं ४६चं. जाणार नाही. गळा आणखी रुंद केला तर स्वेटर खांद्यावरून घसरेल. म्हणून एकच खांदा शिवायचा आणि दुसऱ्याला बटणं लावायची. त्यासाठी पाठीचे ४१ टाके बंद करा आणि उरलेल्या १३वर आणखी चार रेघा विणा. ती बटणांची पट्टी.

बाह्या वरून खाली विणू. ४८ टाके, २८ रेघा सरळ. मग एका ओळीत एक सुलट, दोन एकत्र (दोन टाके मिळून एकच विणायचा), एक सुलट, दोन एकत्र असं शेवटपर्यंत. उरतात ३२. मनगटाच्या आठ रेघा झाल्या की बंद करा, सैल हाताने.

चार तुकडे तयार झाले की बायका म्हणतात, झालाच आता, संध्याकाळी शिवून टाकते. हे "टाकते" मला टोचतं. विणायला तीन आठवडे घेतलेत, तर जोडायला एक अख्खी सकाळ द्या. उजेडात बसून, टेबलावर पसरून. मांडीवर घेऊन शिवू नका, तुकडे ओढले जातात. आधी चारही ओले करून टॉवेलवर मापात पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका. धागा मरतो, कापड लुळं पडतं आणि ते परत येत नाही.

शिवायची सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. टोकदार सुई धागा चिरत जाते. धागा विणलेलाच घ्या. पहिली शिवण खांद्याची, १३ टाक्यांना १३ टाके. दुसऱ्या खांद्याला पुढचा भाग पट्टीवर ठेवून बाहेरच्या टोकाला दोन टाके मारा, म्हणजे बाही लावताना तो सरकणार नाही.

मग अंग उलगडून सपाट पसरा. खांद्यापासून पुढे २४ रेघा आणि मागे २४ रेघा मोजून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणा करा. एकूण ४८. बाहीचे टाके किती? ४८. आधी बाहीचा मध्य खांद्याशी टाचा, मग एका टाक्याला एक रेघ असं दोन्हीकडे शिवत जा. टेपची गरजच नाही, टाके स्वतःच जागा दाखवतात. हे पहिल्यांदा जुळताना बघण्यात जो आनंद आहे, त्यासाठीच मी ही वीण निवडली.

दोन बाह्यांच्या दोन शिवणी झाल्या. उरल्या दोन : मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खालच्या कडेपर्यंत, एकसलग. दोन्ही कडा शेजारी ठेवा, सुलट बाजू वर. प्रत्येक रेघेच्या टोकाशी छोटे फास दिसतात. एका बाजूचा खालचा फास, समोरच्या बाजूचा वरचा फास, अशी सुई घालत जा. पाच-सहा रेघा झाल्या की धागा हलकेच ओढा, फट मिटते. तिथेच थांबा. जास्त ओढलात तर शिवण आखडेल. ती कापडाइतकीच ताणली गेली पाहिजे. आणि रेघा चुकवू नका. शेवटी एका बाजूला दोन रेघा जास्त उरल्या तर उसवून मागे जा, ताणून जुळवू नका.

शेपटं उलट बाजूने शिवणीत दोन दिशांना ओवा आणि मग कापा. पुढच्या खांद्याच्या कडेला लोकरीचे दोन फास, पाठीच्या पट्टीवर दोन चपटी बटणं. बटणं पक्क्या दोऱ्याने लावा, आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवून, आणि जोर लावून ओढून बघा. या वयात सगळं तोंडात जातं. गळ्याला नाडी किंवा गोंडा लावायचा मोह होईल. बाळाच्या गळ्याजवळ दोरी नको, कितीही गोड दिसली तरी.