अपकारांची नोंद

(भायखळ्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विवाहित जोडप्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधूंनो आणि भगिनींनो,

आपल्याकडे लग्न लागताना बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हमखास वाचला जातो. गळ्यातले हार ताजे असतात, आणि ‘प्रीती सहनशील आहे’ हे शब्द त्या घटकेला इतके गोड वाटतात की ते मुळात कोणाला उद्देशून लिहिले होते, याचा आपल्याला विसर पडतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इ.स. 55 च्या सुमारास हे पत्र लिहिले ते नवपरिणितांना नव्हे, तर आपसात भांडणाऱ्या मंडळीला. करिंथ हे आपल्या मुंबईसारखेच व्यापाराचे आणि बंदराचे शहर होते. तिथल्या मंडळीत गट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र घेतल्या जाणाऱ्या भोजनाला, जमल्यावरही एकजण उपाशी राही, तर दुसरा पिऊन मस्त होई. अशा माणसांना प्रीती समजावून सांगताना पौलाने मूळ ग्रीकमध्ये एकामागून एक पंधरा क्रियापदे योजली. प्रीती मनाला कशी वाटते याविषयी तो अवाक्षर काढत नाही. ती काय करते आणि काय करत नाही, एवढेच सांगतो.

त्यांपैकी एकाच क्रियापदापाशी मला आज थांबायचे आहे. आपल्या पवित्र शास्त्रात त्याचे भाषांतर ‘अपकार स्मरत नाही’ असे केले आहे. मूळ शब्द हिशेबाच्या व्यवहारातही वापरला जाणारा, म्हणजे एखादी रक्कम कोणाच्या नावे मांडणे अशा अर्थाचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, ज्याच्या हिशेबी प्रभू पाप धरत नाही तो मनुष्य धन्य, असे स्तोत्रातले वचन पौल उद्धृत करतो, तिथेही हाच शब्द आहे. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. नवऱ्याचे किंवा बायकोचे अपराध मांडून ठेवू नका, असे सांगणारा देव आधी आपल्या नावावरचे मांडणे थांबवतो. आपण सुधारल्यावर नव्हे, तर ‘आपण पापी असतानाच’ ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे त्याच पत्राचा पाचवा अध्याय सांगतो. बिनशर्त प्रीतीचा उगम ख्रिस्ती माणसासाठी इथे आहे, स्वतःच्या चांगुलपणात नाही.

माझे वडील माझगावच्या एका गोदामात कारकून होते. आई घरखर्चाची वही ठेवायची आणि तीत वाणी, दूधवाला, रॉकेल, आमची फी असे सगळे शाईच्या पेनाने लिहायची. एका वर्षी वडिलांनी धाकट्या भावाचे देणे फेडण्यासाठी आईच्या दोन सोन्याच्या बांगड्या तिला न विचारता गहाण ठेवल्या. एका लग्नाला निघताना तिने डबी उघडली तेव्हा ते तिला कळले. त्या रात्रीचे भांडण अख्ख्या चाळीने ऐकले. पुढच्या महिन्यापासून पगाराचे पाकीट आईच्या हातात येऊ लागले, आणि वडील असेपर्यंत ते तिच्याच हातात राहिले. आई गेल्यानंतर ट्रंकेत ती वही सापडली. अकरा महिने ओळीने ‘सोनाराचे व्याज, 18 रुपये’ अशी नोंद आहे, आणि बाराव्या महिन्यात ‘बांगड्या सोडवल्या’. व्याज कोणामुळे भरावे लागले, हे कुठेही लिहिलेले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडिलांचे एकही भांडण मुलांपासून लपत नाही. म्हणून मी खात्रीने सांगतो की त्यानंतर कितीही कडाक्याचे भांडण झाले, तरी तिने बांगड्यांचा विषय काढला नाही.

पाकीट मात्र तिने परत दिले नाही, आणि ते योग्यच केले. बिनशर्त प्रीती म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे, असा अर्थ कोणी करू नये. हे मी विशेषतः स्त्रियांसाठी बोलतो, कारण आपल्या समाजाने ही शिकवण फार काळ फक्त त्यांच्याच पदरात टाकली. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र सहसा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग, असे काहीतरी सिद्ध करावे लागे. ही विषमता 2001 च्या दुरुस्तीने गेली. तोवर किती जणींना ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढेच ऐकवले गेले असेल, या विचाराने मला आजही यातना होतात. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘पत्नींनो, अधीन असा’ याच्या आधी ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे वाक्य आहे, आणि पतींना तर ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तशी प्रीती करण्याची आज्ञा आहे. ज्या घरात हात उगारला जातो, तिथून बाहेर पडून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण मागणारी बहीण प्रीतीला सोडून जात नसते, हे पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हवे.

आता एका अटीविषयी बोलतो, कारण आज मुंबईत अनेक घरांत तिच्यावरून अश्रू गाळले जातात: जोडीदाराने आधी आपला विश्वास स्वीकारावा, मगच संसार. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राचा सातवा अध्याय लग्नात कोणी वाचत नाही. विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत नांदायला राजी असेल, तर विश्वास ठेवणाऱ्या भावाने तिला सोडू नये, असे पौल तिथे लिहितो. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी याच मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पत्नी लक्ष्मीबाईंच्या मनाविरुद्ध. त्यानंतर कित्येक वर्षे दोघांची ताटातूट झाली. टिळक शीघ्रकोपी होते, लहरी होते. त्या काळात लक्ष्मीबाईंनी सोसले ते कमी नव्हते. तरीही दोघांनी एकमेकांना टाकले नाही. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पुन्हा त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्या हिंदूच होत्या आणि आपले सोवळे पाळत होत्या, आणि टिळकांनी त्यांना तसेच राहू दिले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, संसार पुन्हा एकत्र सुरू झाल्यानंतर, आणि स्वतःच्या मनाने.