लॅपटॉप मेला, फाइली शाबूत आहेत. पण किल्ली कुणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. मागे जो पसारा दिसतोय तो दुकानाचा नाही, माझ्या घरचा आहे. दोन उघडे लॅपटॉप, एक डेस्कटॉप आणि चुन्याच्या डबीत ठेवलेले स्क्रू. घरी यावरून बोलणी खातो, ते असू दे.

गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत. "दादा, लॅपटॉप चालू होत नाही, आतलं सगळं गेलं का?" कुणाचे बाळाचे फोटो, कुणाचा प्रबंध, एका ताईंची भिशीची एक्सेल शीट. आणि लगेच खाली दुसरा प्रश्न, "आता नवीन कुठला घेऊ?" दोन्ही एकदमच सांगतो, कारण ते एकमेकांत अडकलेले आहेत. कसे, ते मामाच्या गोष्टीत कळेल.

आधी सोपं उरकतो. लॅपटॉप गेला म्हणजे बहुतेक वेळा चार्जिंगची पिन, बॅटरी, डिस्प्ले किंवा मदरबोर्ड गेला. फाइली असतात डिस्कमध्ये, आणि ती बहुधा ठणठणीत असते. चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, चार्जर लावून पुन्हा बघा. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. टीव्हीवर दिसलं तर फक्त डिस्प्ले गेलाय, फाइली कॉपी करा आणि निवांत झोपा.

नाहीच उठला तर मागचं झाकण उघडून डिस्क काढायची. (हातात धरून) ही पत्त्यांच्या कॅटएवढी, अडीच इंची, ही सटा. आणि ही च्युइंगगमच्या पट्टीसारखी, ही एम डॉट टू. एनक्लोजर म्हणून एक डबी मिळते, त्यात डिस्क बसवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी लावायची. सटाची डबी चार-पाचशेत येते, एनव्हीएमईची हजार-दीड हजारात. एम डॉट टूमध्ये सटा आणि एनव्हीएमई अशा जोडणीच्या दोन जाती आहेत, डबी घेण्याआधी डिस्कवरचं लेबल वाचा. आणि ती पट्टी धरून ठेवणारा स्क्रू तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो. फरशीवर पडला की विसरा.

डिस्कच आजारी असेल तर मात्र हात आवरा. हार्ड डिस्क टिकटिक, खटखट करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. आत डेटा वाचणारं डोकं फिरत्या प्लेटवर घासत असू शकतं, प्रत्येक वेळी थोडं अजून खरवडलं जातं. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे, आणि तिथले पैसे ऐकून घाम फुटेल हे आधीच सांगून ठेवतो. "फ्रीजमध्ये ठेवली तर?" हे दर व्हिडिओखाली कुणीतरी विचारतंच. नका ठेवू. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. फ्रीजमध्ये कोथिंबीर ठेवा.

आवाज नाही, नुसती मंद चालते, कॉपी करताना अडकते, अशी असेल तर घरी प्रयत्न करता येतो. लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून कॉम्प्युटर चालू करायचा आणि डीडीरेस्क्यू वापरायचं. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग पटापट उचलतो, खराब जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी तिकडे परत जातो. आपण ड्रॅग करून कॉपी करतो तेव्हा विंडोज पहिल्याच खराब फाइलपाशी डोकं आपटत बसतं. उतरवलेली नक्कल अर्थातच दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

तर मामा. माझ्या मामांचं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दहाव्याचे कार्ड, निवडणूक आली की हँडबिलं. तीनेक वर्षांपूर्वी त्यांचा डेस्कटॉप असाच मंदावला. पाचशे जीबीची डिस्क उतरवायला दीड दिवस लागला. सगळं आलं. मी शेखी मिरवत पत्रिका जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅमची एक फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, उलटसुलट कंस. मामा खुर्चीतच बसले. "भाच्या, सोळा वर्षांच्या पत्रिका गेल्या रे!"

गेलं काहीच नव्हतं. ज्यांच्याकडे जुन्या मराठी फाइली आहेत त्यांनी कान देऊन ऐका. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटमध्ये अक्षर आतून इंग्रजीच असतं, फाँट त्याच्यावर देवनागरी चेहरा चढवतो. फाँट नसेल तर चेहरा उतरतो. तेव्हा डेटा घेताना फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप नका घेऊ. विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्सचं फोल्डर घ्या, आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल घ्या, टॅलीवाल्यांनी कंपनीचं डेटा फोल्डर घ्या. मी फाँट टाकले, श्री गणेश प्रसन्न झाले, मामींनी चहा टाकला.

मग नवीन लॅपटॉप घेतला. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही चहा घेऊन या, मी सगळं सेट करून देतो." मामा चहा पिऊन आले. लॅपटॉप सेट होता. चूक झाली ती इथे, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच कळली नाही. मी तर तिथे हजर होतो.

मागच्या जुलैत दुकानाच्या छतातून पाणी गळलं आणि मदरबोर्ड गेला. मी डिस्क काढली, डबीत घातली, माझ्या कॉम्प्युटरला लावली. डिस्कच्या चित्रावर कुलूप. उघडायला गेलो तर म्हणे 48 अंकी रिकव्हरी की द्या.

हे बिटलॉकर. विंडोजच्या होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, कुलूप तेच. डिस्कवरचं सगळं गुप्त लिपीत लिहिलेलं असतं. रोजची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या भागात असते, म्हणून रोज तुम्हाला काही विचारत नाही आणि कुलूप आहे हे कळतही नाही. बोर्ड मेला की ती किल्ली त्याच्याबरोबर गेली. उरली दुसरी, 48 आकड्यांची. ती असते पहिल्यांदा लॅपटॉप चालू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं त्याच्या खात्यात. पैसे कुणी दिले, बिल कुणाच्या नावाचं, याला किंमत शून्य. सातबारा ज्याच्या नावावर त्याचं शेत.

मागे एकानं लिहिलं होतं, "दादा, किती वेळा बिटलॉकर बिटलॉकर करता." अजून करणार आहे. कारण आता दुसऱ्या बाजूनं बघा. तुमचा बोर्ड गेला, तुम्ही दुरुस्तीला दिला, त्यानं प्रामाणिकपणे बोर्ड बदलला. चालू केला तर निळा पडदा, किल्ली मागतोय. कारागीर काय म्हणतो? "साहेब, काहीतरी लॉक आलंय, विंडोज मारावं लागेल." तुम्ही म्हणता, मारा. संपलं! त्या "मारा"नं डेटा गेला, बोर्डानं नाही गेला. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट मारल्यानंतरही खरवडून काहीतरी निघायचं. आताच्या चिपवाल्या डिस्कवर, म्हणजे एसएसडीवर, विंडोज स्वतःच डिस्कला कळवतं की ही जागा आता मोकळी, आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. त्यात कुलूपबंद. वरून कितीही पैसे ओता. म्हणून दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्या: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही.

आणि तिसऱ्या बाजूनं, ज्यांचा लॅपटॉप आत्ता या क्षणी धडधाकट चालतोय. व्हिडिओ थांबवा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. ऑन आहे? मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं की ते आपोआप ऑन होणं आधी काही मशीनवरच व्हायचं, विंडोज 11 च्या 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून बहुतेक नव्या मशीनवर होतं, त्यामुळे बहुधा असेल. आता मोबाइलवर एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी उघडा, स्वतःच्या खात्यानं लॉगिन करा. तुमच्या लॅपटॉपचं नाव आणि 48 आकडे दिसले? वहीत लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवू नका, घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार आहे. आकडे दिसलेच नाहीत तर खातं दुसऱ्याचं आहे. घाबरू नका, लॅपटॉप चालू आहे तोवर सगळं हातात आहे. एन्क्रिप्शन ऑफ करा, डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा, स्वतःच्या खात्यानं साइन इन करा, पुन्हा ऑन करा. नवी किल्ली तुमच्या नावावर.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. आणि तुमचंच खातं आहे पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर तीन सिमकार्डांपूर्वीचा आहे, तर तो आजच बदला.

आता नवीन कुठला घ्यायचा. खरं सांगू का, मला हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, कारण लोकांना एका मॉडेलचं नाव हवं असतं आणि मी ते देणार नाही. चार महिन्यांत ते बाजारातून गायब होतं आणि मग तुम्ही मला शिव्या घालता.

जुना दुरुस्त करायचा असेल तर आधी एक बघा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं. आय5-8250यू म्हणजे आठवी, आय5-7200यू म्हणजे सातवी, म्हणजे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले ऑफिसचे लॅपटॉप मिळतात. तिथे थिंकपॅड टी470 आणि टी480 शेजारी ठेवले तर जुळे भाऊ दिसतात, पण पहिल्यात सहावी-सातवी पिढी, दुसऱ्यात बहुतेक आठवी. विकणारा म्हणेल, "एकच आहे साहेब." एकच नाही.

नव्यात रायझन प्रोसेसरचं नाव वाचताना तिसरा आकडा बघा. 7520यू आणि 7530यू. वाटतं दहाचाच फरक. पण 7000 च्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो, 7520 मध्ये झेन 2, 7530 मध्ये झेन 3. शिवाय 7520 वाल्यांत रॅम बोर्डावर डकवलेलीच असते. आठ जीबी घेतली की जन्मभर आठ. 2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी चांगल्याच महागल्या आहेत, तेव्हा "आत्ता आठ घेतो, पुढे टाकू" म्हणणाऱ्यांनी स्लॉट आहे का हे दुकानातच विचारा.

आणि जो प्रश्न दुकानात कुणीच विचारत नाही तो: डिस्क बाहेर निघते का? स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची साठवण असते, बोर्डावरच पक्की. बोर्ड मेला की डबीत काय घालणार? "मॅक घ्या की" म्हणणाऱ्यांनो, मॅकबुक छान आहे, पण अ‍ॅपलच्या एम चिपवाल्या मॅकबुकमध्येही साठवण बोर्डावरच असते. टाइम मशीन या मॅकच्याच सोयीनं घेतलेला बॅकअप नसेल तर बोर्डाबरोबर सगळं गेलं.

पैसे दिल्यावर? चहाला जायचं नाही. खोकं तुमच्यासमोर फोडायचं, स्क्रीन बघायची, आणि जिथे खातं विचारतो तिथे लॅपटॉप स्वतःकडे ओढून घ्यायचा. पोरगा म्हणेल, "साहेब, वेळ लागेल." लागू दे. ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे.

मामांच्या डिस्कचं काय झालं ते राहिलं. दुकानातल्या त्या पोरानं नोकरी सोडली होती. मामांनी चार ठिकाणी फोन फिरवून त्याला शोधला, तो पनवेलला मोबाइलच्या दुकानात. बिचाऱ्यानं तिथूनच लॉगिन केलं. त्या एका खात्यात सतरा लॅपटॉपच्या किल्ल्या! सतरा माणसं, बहुतेकांना पत्ताही नसेल. आमच्या पडद्यावर किल्लीची ओळख म्हणून आठ अक्षरं दिसत होती, ती जुळवून आमची सापडली.

तो फोनवर आकडे जोड्यांनी सांगत होता, मामा वहीत लिहीत होते, मी टाइप करत होतो. चूक. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चूक. मग आठवलं, सहा-सहाच्या आठ गटांपैकी प्रत्येक गटाला 11 नं पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर काढला. समजा 455906, जातो. मामांच्या वहीत होतं 456906. जात नाही. तो म्हणाला होता एकोणसाठ, मामांनी ऐकलं एकोणसत्तर. मराठी माणसानं किल्ली एकेक आकडा करूनच सांगावी.

कुलूप उघडलं. मी एक पत्रिका उघडली. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस. मी मामांकडे बघितलं. मामांनी वही मिटली आणि म्हणाले, "फाँट टाक."